मोठ्या बाईंचा घसा आणि प्रशिक्षणाचा परिणाम

मूल्यमापन म्हटलं की बाकीच्या मुख्याध्यापकांच्या पोटात गोळा यायचा. मोठ्या बाईंच्या पोटात असलं काही येत नसे. "येऊ देत की," त्या म्हणाल्या, "सोन्याला कसोटीची भीती कसली?" हे त्या आपल्या खोलीत बसून म्हणाल्या, तरी शाळेच्या सगळ्या मजल्यांवर ऐकू गेलं. त्या शाळेत मोठ्या बाईंचा आवाज घंटेपेक्षा भरवशाचा होता. घंटा वीज गेली की बंद पडायची.

त्यांना समोर सगळे मोठ्या बाई म्हणत. पाठीमागे शिक्षक त्यांना 'भोंगा' म्हणत, पण तेही कुजबुजत आणि दार लावून.

झालं होतं असं, की सुटीत खात्याने मुख्याध्यापकांसाठी नेतृत्वाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. मोठ्या बाई तिथे आठवडाभर पहिल्या रांगेत बसल्या, शिकवणाऱ्यांपेक्षा जास्त बोलल्या आणि प्रमाणपत्र घेऊन आल्या. प्रशिक्षणाचं सार एवढंच होतं, की मुख्याध्यापकाने आधी ऐकावं, कामं दुसऱ्यांवर सोपवावीत आणि आपलं दार सगळ्यांना उघडं ठेवावं. शाळा सुरू झाल्याबरोबर बाईंनी ते सगळं अमलात आणलं. दार उघडं ठेवलं. त्यामुळे आधी जिन्यापर्यंत जाणारा आवाज आता थेट पटांगणापर्यंत पोचायला लागला. कामं सोपवली, आणि ज्याच्यावर सोपवली त्याच्या खांद्यामागे उभं राहून 'असं नाही, असं' म्हणत करून घेतली. ऐकण्याचं महत्त्व पटावं म्हणून सगळ्या शिक्षकांना बसवून त्यावर दुपारभर भाषण केलं. त्या सभेत कोणी चकार शब्द काढला नाही. बाईंना वाटलं, चला, शिकले.

मग खात्याचा निरोप आला. प्रशिक्षणाने मुख्याध्यापकांच्या कामात काही फरक पडला का, हे बघायला एक अधिकारी बाई येणार होत्या आणि दिवसभर शाळेत बसणार होत्या. फरक दिसला तर ठीक. नाही दिसला, तर त्या मुख्याध्यापकाला शाळेतून उचलून खात्यात फायली लावायला बसवणार, अशी कुणकुण होती. मोठ्या बाईंनी हे हसण्यावारी नेलं, पण घरी जाताना पटांगणात जरा रेंगाळल्या. ज्या शाळेत त्या रडत पहिलीच्या वर्गात आल्या होत्या, तीच ही शाळा. फायलींना काय, 'नीट रांगेत उभ्या राहा' म्हणून सांगता येतं थोडंच?

त्यांनी तयारीला सुरुवात केली. अधिकारी बाईंसमोर एक भाषण करायचं ठरलं. विषय: 'मी ऐकायला कशी शिकले'. भाषण छान लांबलचक झालं. मग सराव आला.

मोठ्या बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं टेबल होतं. बारीकसारीक टिकटिक ऐकण्यावर पोट असलेला माणूस. लग्नानंतर त्यांनी डोळ्याला लावायच्या भिंगाबरोबर कानात घालायचा कापूसही टेबलावर ठेवायला सुरुवात केली होती. बाईंनी सकाळी त्यांच्यासमोर भाषण केलं, संध्याकाळी पुन्हा केलं, आणि मधल्या वेळात कुंड्यांसमोर केलं. 'ऐकणं' हा शब्द आला की आवाज चढवायचा, असं त्यांनी स्वतःच ठरवून घेतलं होतं, आणि तो शब्द तर ओळीआड येत होता. यजमान म्हणाले, जरा घशाला जपावं. बाई म्हणाल्या, हा घसा काय आजचा आहे?

मूल्यमापनाच्या दिवशी सकाळी त्या उठल्या, यजमानांना हाक मारायला तोंड उघडलं, आणि तोंडातून जो आवाज आला तो त्यांचा नव्हताच. गंजलेल्या बिजागरीचा होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी बिजागरीसुद्धा वाजली नाही.

सुदैवाने म्हणा की दुर्दैवाने, त्यांची नणंद कान-नाक-घशाची डॉक्टर होती आणि वरच्याच मजल्यावर राहत होती. तिने बॅटरी घेऊन वहिनीच्या घशात डोकावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि बॅटरी बंद करताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते कुठल्याही डॉक्टरी पुस्तकात बसणारं नव्हतं.

"वहिनी, तोंड उघडायचं नाही," ती म्हणाली. "एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. मी हे डॉक्टर म्हणून सांगते आहे, नणंद म्हणून नाही. नणंद म्हणून तर कधीचं सांगायचं होतं."

गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करायच्या, पंख्याखाली बसायचं नाही, असंही तिने सांगितलं. यजमानांनी कानातला कापूस काढला आणि घरातली इतकी घड्याळं एकदम ऐकू आल्यामुळे ते क्षणभर दचकले.

मोठ्या बाईंनी ठरवलं, की उपमुख्याध्यापकांना खुणेने सगळं समजावायचं आणि त्यांनी अधिकारी बाईंना सांगायचं, की घसा बसलाय, दुसरा दिवस द्या. उपसर म्हणजे साधा माणूस. कित्येक वर्षं ते या शाळेत उपमुख्याध्यापक होते आणि त्या अवधीत बाईंसमोर त्यांनी एकही वाक्य क्रियापदापर्यंत नेलं नव्हतं. 'बाई, मला वाटतं की आपण...' इथपर्यंत ते यायचे. पुढचं बाई म्हणायच्या.

पण बाई शाळेत पोचल्या तेव्हा अधिकारी बाई आधीच येऊन व्हरांड्यात उभ्या होत्या. उंच, शिडशिडीत, खांद्याला कापडी पिशवी. शेजारी उपसर, घामाघूम. बाईंनी उपसरांकडे पाहिलं, डोळे मोठे केले आणि आपल्या गळ्यावरून आडवा हात फिरवला. म्हणायचं होतं, घसा गेला. उपसरांना त्याचा एकच अर्थ लागला: एक अक्षर बोललात तर गळा कापीन. ते पांढरेफटक पडले आणि ओठ आत ओढून उभे राहिले.

बाईंनी पुन्हा हात फिरवला, जास्त जोराने. उपसर एक पाऊल मागे सरकले.

अधिकारी बाई हे पाहत होत्या. त्यांनी नमस्कार केला, बाईंनी नमस्कार केला. त्यांनी विचारलं कशा आहात, बाईंनी मान हलवली. मग अधिकारी बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"तुम्ही मौनाचा दिवस पाळताय," त्या म्हणाल्या. "शेवटच्या सत्रात आम्ही सांगतो, महिन्यातून एक दिवस तोंड बंद ठेवून आपली शाळा बघा. इतक्या शाळा फिरले, पण कोणी केल्याचं पाहिलं नव्हतं."

मोठ्या बाईंना असलं काही सत्र आठवेना. आठवणार कुठून? त्या वेळी त्या बाहेर उभ्या राहून चहावाल्याला ट्रे कसा धरावा हे समजावत होत्या. पण अधिकारी बाईंच्या डोळ्यांत असं कौतुक होतं, की नाही म्हणायला मानेने साफ नकार दिला. ती आपोआप वरखाली हलली. एकदा हललेली मान परत घेता येत नाही. मोठ्या बाई त्या क्षणी अडकल्या.

प्रार्थनेची घंटा झाली. रोज प्रार्थनेनंतर बाई माइकवर सूचना द्यायच्या. माइक हा केवळ उपचार होता. आज त्यांनी उपसरांना पुढे ढकललं. उपसरांनी माइक असा धरला, जसा कोणी पहिल्यांदा तान्हं बाळ धरतं. 'मुलांनो, मला वाटतं की आपण...' एवढं बोलून सवयीने थांबले आणि वाट पाहत राहिले. कोणीच वाक्य पुरं करेना. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई नुसत्या बघत होत्या. मग नाइलाजाने उपसरांनी ते स्वतः पुरं केलं, आणि त्याला जोडून आणखी एक केलं, आणि मग लहानपणी आपण गणवेश उलटा घालून शाळेत कसे आलो होतो ते सांगितलं. पोरं खो-खो हसली. उपसरांचे कान लाल झाले. त्यांना विनोद करता येतो, हे शाळेला माहीत नव्हतं, आणि बहुधा त्यांनाही नव्हतं.

इथून दिवस असा काही सुटला, की बाईंना तो धरताच येईना.

खोलीत येऊन बसतात तो डोक्यावर पंखा. बाईंनी शिपायाला बोलावलं, वर बोट दाखवलं, बोट गोल फिरवलं आणि हाताने 'बंद, बंद' अशी खूण केली. शिपायाने बरोबर उलटा अर्थ काढला. वर म्हणजे गच्ची, गोल म्हणजे रिंगण, आणि हात हलवला म्हणजे लवकर. तो धावत जाऊन खेळाच्या सरांना सांगून आला, की मोठ्या बाईंनी वर्ग गच्चीवर न्यायला सांगितलाय, रिंगण करून. थोड्याच वेळात बाईंच्या डोक्यावर एक अख्खा वर्ग धपधप पळायला लागला. छताचे पोपडे टेबलावर पडले. पंखा चालूच होता.

एरवी असं काही झालं असतं, तर बाई जिन्याच्या खालूनच सगळ्यांना खाली आणू शकल्या असत्या. आज त्या धापा टाकत वर चढल्या, मागून अधिकारी बाई. वर बघतात तर भूगोलाचे सर आपलाही वर्ग घेऊन हजर. उन्हात उभं राहून सावल्या दाखवायच्या, दिशा ओळखायला शिकवायच्या, म्हणून ते कधीपासून गच्ची मागत होते. बाईंचं म्हणणं असायचं, की गच्ची म्हणजे धोका, पुस्तकात सूर्य आहे तेवढा पुरे. आज गच्ची उघडी दिसली आणि कोणी ओरडलं नाही, तेव्हा ते हळूच आले होते. कठडे चांगले छातीएवढे उंच होते. खेळाचे सर दारात पहारा देत होते. एक मुलगी आपल्याच सावलीची टोकं खडूने आखत होती आणि शेजारची तिला सांगत होती, अगं हलू नकोस, सूर्य हलेल.

अधिकारी बाईंनी विचारलं, ही कल्पना कोणाची? दोन्ही सरांनी, आपण सापडलो तर एकटे नको म्हणून, एका सुरात सांगितलं, की मोठ्या बाईंची.

बाई खाली खोलीत आल्यावर विज्ञानाचे सर आणि संगीताच्या बाई भांडत आत शिरले. सभागृह कोणी वापरायचं हा वाद जुना होता. दर आठवड्याला दोघं यायचे, मोठ्या बाई दोघांनाही पुरतं बोलू न देता निकाल द्यायच्या, आणि दोघंही फणफणत जायचे. आज दोघांनी आपापलं गाऱ्हाणं सांगितलं आणि निकालाची वाट पाहिली. निकाल बाईंच्या घशात तयार होता, पण बाहेर येण्याचा रस्ताच बंद. शांतता इतकी वाढली, की ती भरून काढायला विज्ञानाच्या सरांनी खरी गोष्ट सांगून टाकली. त्यांना सभागृह नकोच होतं. त्यांच्या वर्गाला लागून संगीताचा तास असायचा आणि त्यांना तबल्यापुढे स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे. त्यावर संगीताच्या बाई म्हणाल्या, मग आधी बोलायचं नाही का, मी दुपारचा तास घेते. भांडण मिटलं. दोघंही बाईंचे आभार मानून गेले. मोठ्या बाई खुर्चीत बसून राहिल्या. इतकी वर्षं त्या ज्या आगीवर पाणी ओतत होत्या, ती आग होती तबल्याची.

अधिकारी बाई वर्ग पाहायला गेल्या, आणि तेवढ्यात गणिताच्या बाई आत आल्या.

ही शाळेतली सगळ्यात चांगली शिक्षिका, हे मोठ्या बाईंना ठाऊक होतं. त्यांनी ते तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायच्या इतर गोष्टी फार असायच्या. तिने दार लोटलं, खुर्ची ओढली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, की ती ही शाळा सोडून टेकडीवरच्या शाळेत चालली आहे. महिनाअखेर हा शेवटचा दिवस.

मोठ्या बाईंच्या तोंडात एकदम बारा उत्तरं आली. कृतघ्न इथपासून ते वर्षाच्या मध्यावर कोणी सोडून जातं का इथपर्यंत. एकही बाहेर पडेना. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

गणिताच्या बाई थोडा वेळ थांबल्या. त्यांनाही वाट पाहायची सवय होती. मग त्या खाली बसल्या.

"तुम्ही आज मध्ये बोलत नाही आहात म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "मागं पडलेल्या मुलांना पटांगणात नेऊन शिकवायचं होतं मला. दोरी घेऊन, पावलं मोजून. झाडाची उंची सावलीवरून काढायची. हे सांगायला मी किती वेळा आले. दर वेळी तुम्ही माझं वाक्य पुरं केलंत, आणि दर वेळी चुकीचं केलंत. तुम्हाला वाटायचं मला पटांगणाची साफसफाई हवी आहे. दोनदा तुम्ही ती करूनही घेतलीत."

मोठ्या बाईंना ती साफसफाई आठवली. त्यांना तर वाटलं होतं, ही बाई स्वच्छतेची फार भोक्ती आहे.

गणिताच्या बाई बोलत राहिल्या. रागाने नाही, बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी यावं तसं आधी फुरफुरत आणि मग सरळ धारेने. कोणत्या मुलाला भागाकाराचं भय वाटतं, कोणाला पाढे येतात पण विचारले की येत नाहीत, कोणता हुशार आहे पण लाजेने शेवटच्या बाकावर बसतो. तिला शाळा सोडायची नव्हती. तिला फक्त एकदा वाक्य संपवायचं होतं. शेवटी तिचे डोळे भरून आले.

मोठ्या बाईंना आयुष्यात पहिल्यांदा काय बोलावं ते कळेना. बोलता येत नाही हे वेगळं, आणि हे वेगळं. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, नणंदेची आज्ञा मोडली आणि होता नव्हता तेवढा जीव घशात आणून एकच शब्द म्हणाल्या.

"राहा."

तो शब्द कसला, कोणीतरी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज निघाला. गणिताच्या बाई खुर्चीतून उडाल्याच. "अहो बाई, तुमचा घसा बसलाय," त्या ओरडल्या. "मी इथं बोलत बसले, आणि तुम्हाला बोलताच येत नाही!"

दार लोटलेलंच होतं, लावलेलं नव्हतं. आणि दारात अधिकारी बाई उभ्या होत्या.

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे फायली दिसल्या, रांगेने. मग त्यांनी कागद ओढला आणि सगळं लिहून टाकलं: घसा भाषणाच्या सरावाने बसला, मौनाच्या सत्राला त्या हजरच नव्हत्या, गच्ची त्यांनी नाही, शिपायाने उघडली, आणि त्यांना तर फक्त पंखा बंद करून हवा होता. अधिकारी बाईंनी ते वाचलं. आधी त्यांनी जाऊन पंखा बंद केला. मग पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, की पिशवी खांद्यावरून घसरली.

"बाई, प्रशिक्षणानंतर कामात फरक पडला का, एवढंच बघायला खात्याने मला पाठवलंय," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "फरक तर मी डोळ्यांनी पाहिला. तो कशामुळे पडला, हे मला कोणी विचारलेलं नाही. आणि खरं सांगू, आजवर कुठल्याच शाळेत ते मला कळलेलं नाही."

निकाल आला तेव्हा मोठ्या बाईंची शाळा सगळ्यांत वर होती. शेरा होता, 'मुख्याध्यापिकांच्या कामात आमूलाग्र बदल'. शाळेत टाळ्या वाजल्या, उपसरांनी माइकवरून पूर्ण वाक्यांत अभिनंदन केलं, आणि गणिताच्या बाई टेकडीवर गेल्याच नाहीत. पटांगणात आता रोज दोऱ्या ताणलेल्या असतात आणि पाय अडकून पडायला होतं, पण मोठ्या बाई काही बोलत नाहीत. म्हणजे बोलावंसं वाटतं. मग त्या तोंडात एक लवंग टाकतात आणि लवंग संपेपर्यंत समोरच्याला बोलू देतात. शिक्षकांनीही हे ओळखलंय. मोठं काम असेल तर ते जाताना दोन लवंगा घेऊन जातात.

पुढच्या प्रशिक्षणाला खात्याने मोठ्या बाईंनाच बोलावलं. शिकायला नव्हे, शिकवायला. आवाज परत आला होता, आणि विश्रांती मिळाल्यामुळे पूर्वीपेक्षा खणखणीत झाला होता. सभागृहभर मुख्याध्यापक बसले होते. बाईंनी सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली, काहीही न लपवता. सांगता सांगता जेवणाची वेळ होऊन गेली; पण कोणी उठलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, कोणाला काही शंका?

 मग मागच्या रांगेतला, नुकताच मुख्याध्यापक झालेला एक तरुण गृहस्थ उभा राहिला.

"बाई, बाकीचं सगळं समजलं," तो अतिशय नम्रपणे म्हणाला. "फक्त घसा पूर्ण बसण्यासाठी साधारण किती दिवस ओरडावं लागतं, तेवढं सांगाल का?"

सभागृहातल्या झाडून सगळ्यांनी पेनं उघडली. मोठ्या बाईंनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला, आणि सविस्तर सांगायला सुरुवात केली.